एकतारेसाहेब

बावीस वर्षं दर शुक्रवारी ज्याचं लिखाण पेपरात छापून येतं, त्याला निदान स्वतःच्या गल्लीत तरी कुणी ओळखत असेल, असं आपल्याला वाटतं. पिक्चरवाल्यांना कोपऱ्यावरचा लाँड्रीवालासुद्धा ‘तीन शर्ट, एक पँट’ म्हणूनच ओळखायचा. पिक्चरवाले हे नावही ऑफिसातलंच. राजकारण पाहणारे, गुन्हे पाहणारे, बाजारभाव पाहणारे, तसे हे सिनेमे पाहणारे. चौथ्या मजल्यावर जिना आणि पाण्याचं मशीन यांच्या बेचक्यात त्यांचं टेबल होतं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण पेला भरेपर्यंत विचारायचा, “काय मग, कसा आहे?” उत्तर सुरू व्हायच्या आत पेला भरलेला असायचा.

बुधवारी सकाळी एका छोट्या थिएटरात शहरातल्या दहा-बारा समीक्षकांना नवा सिनेमा दाखवत. पिक्चरवाले तिथून थेट ऑफिसात येत, गुरुवारी दुपारपर्यंत परीक्षण लिहून देत आणि खाली पाचपैकी किती तारे तो आकडा टाकत. मग पान लावणारा ते सगळं पुरवणीच्या पानावर बसवी. ताऱ्यांची कल्पना त्यांची नव्हती. आधीच्या संपादकांनी ती आणली. “वाचकाला वेळ नसतो हो,” ते म्हणाले होते. “मग त्याला वाचक कशाला म्हणायचं? बघक म्हणा,” असं पिक्चरवाले भर मीटिंगमध्ये बोलून गेले, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं टेबल खिडकीपासून उचलून जिन्याशी आलं. बोलायचं तिथं गप्प आणि गप्प बसायचं तिथं बोलणं, हा त्यांचा जन्माचा दोष.

खरा वाचक त्यांना एकच होता, आणि तो घरातच होता. त्यांची मुलगी, मनी. आई गेली तेव्हा मनी जेमतेम पाचांची. पिक्चरवाल्यांची मोठी बहीण आली आणि तिनं घर हातात घेतलं. पण वाचायला मनी शिकली ती बापाच्या परीक्षणांवर. शुक्रवारी सकाळी पुरवणी जमिनीवर पसरून, ओळीखाली बोट ठेवून ती मोठ्यानं वाचायची आणि शेवटी निकाल द्यायची, “सिनेमाला तुमचे दोन. पण लिहिण्याला माझे तीन.”

“दोन कशाबद्दल कापलेस?”

“‘तथापि’ चार वेळा आलंय, बाबा. कंटाळा आला.”

चारच्या वर तिनं कधी दिले नाहीत. पाच मागितले तर म्हणायची, “पाच दिले तर पुढच्या आठवड्यात काय कराल?” घरात कायदाच होऊन बसला होता: आधी वाच, मग भांड. परीक्षण वाचल्याशिवाय त्या सिनेमाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. आत्या म्हणायची, “घरात कोर्ट भरवलंय बापलेकीनं, आणि मी आपली शिपाई. चहा आणा, चहा न्या.”

मनी सात वर्षांची असताना पिक्चरवाले तिला ‘नीलप्रहरी’चा पहिला भाग दाखवायला घेऊन गेले होते. धरणावरचा रात्रपाळीचा एक साधा पहारेकरी. धरण फुटतं, तो बुडतो, आणि अंगात पाण्याचं बळ घेऊन वर येतो. निळा पोशाख, निळं शिरस्त्राण, पुढे सगळ्या जगाची राखण. धरण फुटताना मनीनं बापाच्या शर्टाचं बटण काढून आत तोंड खुपसलं, आणि त्या फटीतून एका डोळ्यानं सगळं पाहिलं. त्या दिवसापासून ती नीलप्रहरीची झाली ती झालीच. पिक्चरवाले झाले नाहीत. पुढच्या भागांना त्यांनी दोन, अडीच, एकदा तर दीड तारा दिला. मनी भांडायची, पण कायद्यानं. वाचून, ओळीवर बोट ठेवून भांडायची. त्या भांडणांइतकं सुख पिक्चरवाल्यांना दुसऱ्या कशातच नव्हतं, हे त्यांनी तिला कधी सांगितलं मात्र नाही.

मग ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली. सकाळची पाळी, हातात फोन, आणि शहरातल्या नीलप्रहरीच्या चाहत्यांचा ‘पहारा’ नावाचा गट, ज्याची ती चिटणीस झाली. एका शुक्रवारी तिला घाई होती म्हणून वाचन राहिलं. पुढच्याही शुक्रवारी राहिलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं राहिलं ते राहिलंच. ‘मने, वाचलं नाहीस गं’ असं म्हणायला पिक्चरवाल्यांना काय झालं होतं? पण नाही. पुरवणी टेबलावर ठेवायची, परीक्षणाचं पान वर येईल अशी घडी घालायची, आणि संध्याकाळी तीच घडी तशीच उचलून रद्दीत टाकायची, एवढं मात्र ते नेमानं करत.

इकडे समीक्षक आणि तिकडे चाहते, या दोघांचं भांडण म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. चाहते म्हणत, समीक्षक जळतात. समीक्षक म्हणत, चाहत्यांना अक्कल नाही. बुधवारच्या त्या छोट्या थिएटरात अशा महागड्या सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आतच सुस्कारे सुरू होत. समीक्षक मंडळाचे अध्यक्ष तर झोपायला छोटी उशी घेऊन येत, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी काखेत धरत. पिक्चरवाले त्या उशीला हसत. सगळेच हसत होते, म्हणून हसत.

सातवा भाग आला, शेवटचा. मनी पंधरा दिवस घरात शिरस्त्राण बनवत होती. फोमचे तुकडे, गरम डिंकाची पिस्तूल, सगळीकडे वास. “माझ्या पोळपाटावर डिंक सांडला तर तुझ्या प्रहरीला बाहेर झोपवीन,” असं आत्यानं बजावलं होतं. बुधवारी पिक्चरवाले सिनेमा पाहून घरी आले तेव्हा मनीनं मान वर केली. “कसा आहे? नको, नको! सांगू नका. शुक्रवारी.”

“वाचशील?”

“वाचीन की! शेवटचा भाग आहे, बाबा.”

पिक्चरवाल्यांना तो सिनेमा आवडला होता. नुसता आवडला नव्हता, ते रडले होते, आणि शेजारच्या खुर्चीत अध्यक्ष उशीवर घोरत होते म्हणून ते कुणाला कळलं नव्हतं. नीलप्रहरी म्हातारा झाला आहे. शेवटच्या लढाईआधी धरणाच्या भिंतीवर बसून तो बुटाची नाडी बांधतो, आणि हात थरथरतात म्हणून गाठ बसत नाही. एवढ्या कोट्यवधींच्या सिनेमात दिग्दर्शकानं त्या नाडीला वेळ दिला होता. पिक्चरवाल्यांनी तेच लिहिलं. मग शेवटी, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं, घरातलं लिहिलं.

“पहिल्या भागात धरण फुटलं तेव्हा सात वर्षांची एक मुलगी बापाच्या शर्टात तोंड खुपसून बसली होती आणि एका डोळ्यानं पडद्याकडे बघत होती. काल तेच धरण पुन्हा दिसलं आणि माझा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे गेला. एखाद्या सिनेमानं आपलं मूल क्षणभर परत आणून दिलं, तर त्याच्याकडे आणखी काय मागायचं?”

खाली त्यांनी आकडा टाकला: चार.

आता पान लावणाऱ्याविषयी सांगायला हवं. त्याला सगळे चौकटराव म्हणत, कारण माणूस मेला तरी तो आधी विचारी, “किती कॉलमची चौकट?” कामाला वाघ, पण गुरुवारी त्याच्याकडे पुरवणीची सगळी पानं एकदम येत. म्हणून तो गेल्या आठवड्याचं पान उघडायचा, त्यातलं शीर्षक, फोटो, मजकूर बदलायचा आणि पान छपाईला सोडायचा. गेल्या आठवड्यात एका भुताच्या विनोदी सिनेमाला पिक्चरवाल्यांनी एक तारा दिला होता. ताऱ्यांची पट्टी वेगळी चिकटवलेली असे. ती बदलायची राहिली. पानावर शीर्षक नीलप्रहरीचं, फोटो नीलप्रहरीचा, परीक्षण चार ताऱ्यांचं, आणि तारा भुताचा.

छापील पेपर तर आता कोण बघतो? पण फोनवर जाणारी चौकटही त्याच पानातून निघे. त्यात मजकूर नसे. फोटो, पेपरचं नाव, आणि खाली एक पिवळा तारा, चार रिकामे.

शुक्रवारी मनी पहिल्या खेळाला पहाटेच निघून गेली होती. पिक्चरवाल्यांनी पुरवणी उघडली आणि नीलप्रहरीखाली एकच तारा दिसला. त्यांनी संपादकांना फोन लावला. संपादक चौकटरावाच्या नावानं शिव्या देत म्हणाले, “अर्ध्या तासात बदलतो.” अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला, पण आवाज मधाळ होता.

“अहो, तुम्ही बघताय का काय चाललंय? निवडणुकीच्या निकालाला एवढे लोक आले नव्हते आपल्याकडे. संध्याकाळपर्यंत असू द्या.”

“पण चूक आहे ती. मी चार दिलेत.”

“मजकूर तुमचाच आहे ना? एक अक्षर तरी बदललंय? ज्याला वाचायचंय तो वाचेल.”

दुपारी चौकटराव स्वतः टेबलाशी येऊन उभा राहिला. पाण्याचा पेलाही न भरता. “साहेब, आधीच माझ्या नावावर दोन चुका लागल्यात. शुद्धिपत्र आलं की मी गेलो. सोमवारपर्यंत लोक विसरतील.” सोमवारी संपादक म्हणाले, “आता शुद्धिपत्र म्हणजे वरातीमागून घोडं.” झालं. तिघांचीही अळीमिळी गुपचिळी. तिघांपैकी दोघांची कारणं तुम्हाला कळलीच आहेत. तिसऱ्याचं कारण जरा लाजिरवाणं होतं.

शुक्रवारी दुपारी पाणी प्यायला आलेली माणसं पेला भरल्यावरही थांबली. गुन्हेवाल्यांनी पाठ थोपटली. “काय वाजवलीत त्या निळ्या डब्याची!” शनिवारी लाँड्रीवाल्यानं शर्ट देताना विचारलं, “एक तारावाले तुम्हीच ना?” चाहत्यांनी शिव्यांचा पाऊस पाडला; त्यात ‘विकलेला म्हातारा’ ही सर्वांत सभ्य. समीक्षकांनी फुलं उधळली; ‘अखेर कुणीतरी बोललं’ असं अध्यक्षांनी लिहिलं, ज्यांनी स्वतः अर्धा सिनेमा उशीवर पाहिला होता. शिव्या देणाऱ्यांनी वाचलं नव्हतं, फुलं देणाऱ्यांनीही वाचलं नव्हतं. दोन-तीन जणांनी खाली लिहिलं, ‘अहो, मजकुरात तर स्तुती आहे,’ तर त्यांना दोन्ही बाजूंनी मूर्ख ठरवलं गेलं. एका निवृत्त मुद्रितशोधकांचा ऑफिसात फोन आला, “तुमचं लिखाण आणि तुमचा तारा एकमेकांशी बोलत नाहीत.” फोन घेणाऱ्यानं “कळवतो” म्हणून ठेवून दिला.

पिक्चरवाल्यांना राग आला होता, खरंच आला होता. बावीस वर्षं आपण विहिरीत दगड टाकत होतो आणि तळ नव्हताच, हे त्यांना कळलं होतं. पण त्या रागाच्या पाठीमागे एक गुदगुली होती. लोक ओळखत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं, आणि वरून हवा छान लागत होती.

मनी आली ती शुक्रवारी संध्याकाळी. अंगात निळा पोशाख, शिरस्त्राण काखेत, डोळे सुजलेले. दारातच उभी राहिली.

“का, बाबा?”

पिक्चरवाल्यांच्या जिभेवर आलं होतं, ‘अगं, तारा चुकून पडलाय.’ चार शब्दांचं काम. पण तिच्या हातात फोन होता, आणि टेबलावर पुरवणीची घडी सकाळी घातली तशीच होती. त्यांना ती घडी दिसली आणि त्यांच्यातला बावीस वर्षं कुणी न वाचलेला माणूस जागा झाला.

“वाचलंस?”

“एक तारा! सगळा गट माझ्या तोंडाकडे बघत होता. थिएटरच्या दारात. सिनेमा संपून लोक रडत बाहेर येत होते आणि मला फोन दाखवत होते, तुझा बाप बघ म्हणून.”

“मी विचारतोय, वाचलंस का?”

“काय वाचायचंय त्यात? एक तारा कळायला वाचावं लागतं?”

“आधी वाच. मग भांड.”

“मी लहान होते तेव्हा ठीक होतं ते,” मनी म्हणाली. “शेवटचा भाग होता, बाबा. एकदा तरी माझ्या बाजूनं बघायचं होतंत.”

ती आत गेली. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “सांग ना तिला काय असेल ते सरळ. तोंडात मूग धरून बसायची ही कुठली तऱ्हा?” पिक्चरवाले म्हणाले, “टेबलावर आहे. वाचेल.” आत्याला तारे-बिरे कळत नव्हते, पण भाऊ कळत होता. “तू लहानपणी रुसून असाच माळ्यावर जाऊन बसायचास,” ती म्हणाली, “आणि कुणी शोधायला आलं नाही की अजून रुसायचास.”

‘पहारा’नं मनीला चिटणीसपदावरून काढलं. बापाचा निषेध करणारी चित्रफीत टाक, मग बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. मनीनं टाकली नाही. हे पिक्चरवाल्यांना आत्याकडून कळलं. तरीही ते बोलले नाहीत. आता तर मुद्दा आणखी पक्का झाला होता: जी मुलगी माझ्यासाठी चिटणीसपद सोडते ती दोन मिनिटं काढून वाचू शकत नाही? रविवारी त्यांनी पाहिलं, मनी बाल्कनीत शिरस्त्राणाला पुन्हा निळा रंग मारत होती, आणि खाली पसरलेला कागद म्हणजे तीच पुरवणी. नीलप्रहरीचा फोटो अर्धा दिसत होता. मजकुरावर रंगाचे शिंतोडे होते. ते आत आले आणि बाल्कनीचं दार लोटून घेतलं.

त्याच आठवड्यात समीक्षक मंडळाचं पत्र आलं. निर्भीड समीक्षेचा या वर्षीचा सन्मान त्यांना. बावीस वर्षांत मंडळानं त्यांना व्यासपीठावरची सतरंजी उचलायलाही बोलावलं नव्हतं. पिक्चरवाल्यांनी पत्र वाचलं आणि त्यांच्या मनात बेत शिजला. भाषण करायचंच नाही. तेच परीक्षण काढायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. सगळ्यांच्या थोबाडात बसेल. आणि मनी समोर असेल. तिला शेवटी ऐकावंच लागेल.

“येशील?” त्यांनी विचारलं.

“कशाला? त्या एका ताऱ्याला टाळ्या वाजवायला?” मनी म्हणाली आणि लॅबला निघून गेली.

महिन्याभरानं, कार्यक्रमाच्या दिवशी, सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात ‘झुंडीसमोर ताठ उभा राहिलेला एक माणूस’ असं काहीबाही म्हटलं. संपादक पहिल्या रांगेत पाय हलवत बसले होते. पिक्चरवाले उठले, खिशातून कात्रण काढलं, चष्मा लावला. “मी भाषण करणार नाही,” ते म्हणाले. “मी लिहिलं होतं तेवढंच वाचतो.”

पहिलं वाक्य होतं, ‘हा सिनेमा पाहून मी बाहेर आलो तेव्हा मला माझ्याच व्यवसायाची लाज वाटत होती.’ सभागृहात खसखस पिकली. पिक्चरवाल्यांनी मान वर केली. त्यांना वाटलं, कुणी पडलं-बिडलं असेल. दुसरं वाक्य वाचलं. ‘या नायकाइतका खरा माणूस मी बऱ्याच दिवसांत पडद्यावर पाहिला नाही.’ आता मोठा हशा झाला. अध्यक्ष मांडीवर थाप मारत होते. कुणीतरी मागे म्हणालं, “काय उपरोध आहे! काय सरळ चेहरा ठेवलाय!”

पिक्चरवाल्यांनी कात्रण खाली केलं. “थांबा,” ते म्हणाले. “हे मी मनापासून लिहिलंय.”

त्या वाक्याला सर्वांत मोठा हशा मिळाला. टाळ्यांसकट.

इथं त्यांना थांबता आलं असतं. चार तारे, चौकटराव, पट्टी, संपादक, सगळं सांगून सन्मानचिन्ह तिथंच ठेवून घरी येता आलं असतं. पण चारशे माणसं त्यांच्या पुढच्या शब्दासाठी तोंड उघडून बसली होती. हे त्यांनी जन्मात अनुभवलं नव्हतं. नाडीचा प्रसंग आला. ‘त्याच्या हातांना गाठ जमत नाही,’ असं वाचून ते जरा थांबले. का थांबले? हशा यावा म्हणून. आला. मग पुढच्या वाक्याआधीही थांबले. सात वर्षांच्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर पिक्चरवाल्यांना हशा कुठं उचलायचा आणि कुठं सोडायचा ते चांगलं जमू लागलं होतं. ‘माझा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे गेला,’ हे वाचताना त्यांनी खरोखर बटणाला हात लावला, भुवया उंचावल्या, आणि सभागृह कोसळलं. शेवटचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. पिक्चरवालेही हसत होते.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळ्यांच्या फोनवर होतं.

दुसऱ्या दिवशी मनी लॅबला गेली नाही. पिक्चरवाले सकाळी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती, लहानपणी बसायची तशी. समोर निळ्या शिंतोड्यांची पुरवणी पसरलेली. आत्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती आणि कप कुणाला द्यायचा ते तिला कळत नव्हतं.

“वाचलं मी,” मनी म्हणाली.

महिनाभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते हे असे यायचे होते. पिक्चरवाले भडाभडा बोलू लागले. “मने, तो तारा चुकीचा आहे. मी चार दिले होते. चौकटरावानं जुनी पट्टी तशीच ठेवली. तू विचार त्याला, आत्ता फोन लाव. मला आवडला होता गं सिनेमा. मी रडलो होतो.”

“कळलं मला. हे वाचून कुणालाही कळेल.”

“मग?”

“महिनाभर का नाही सांगितलंत?”

“तू वाचशील म्हणून.”

मनीनं मान हलवली. ते उत्तर तिला पटलं होतं, हेच वाईट होतं. “माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी वाचायला हवं होतं. वाचलं असतं तर त्याच दिवशी तुमच्या गळ्यात पडले असते. तो दोष माझ्याकडे. पण काल मी आधी ते चित्रण पाहिलं आणि वाटलं, बाबांना हा सिनेमा इतका फालतू वाटला की त्यांनी मलासुद्धा त्यात ओढून थट्टा केली. रात्रभर वाटलं. मग पहाटे हे वाचलं. आणि कळलं, की थट्टा नव्हती. हे सगळं खरं होतं.” तिनं शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. “खोटं असतं तर परवडलं असतं, बाबा. खरं होतं, आणि तुम्ही त्यावर लोकांना हसवलंत. बटणाला हात लावून दाखवलात.”

“लोक हसत होते. मी काय करणार होतो?”

“लोकांनी वाचलं नव्हतं. तुम्ही तर लिहिलं होतं.”

मनी उठली. पुरवणीची घडी घातली, परीक्षणाचं पान वर येईल अशी, आणि टेबलावर ठेवली.

“लिहिण्याला पाच,” ती म्हणाली. “पाचच्या पाच. कालच्या वाचण्याला मी काहीच देत नाही.”

महिनाअखेरीला ती लॅबजवळ मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. शिरस्त्राण इथंच माळ्यावर राहिलं. आत्याशी तिचं फोनवर बोलणं होतं. “बाबा कसे आहेत?” असं ती विचारते, “बरा आहे” असं आत्या सांगते, आणि फोन पिक्चरवाल्यांच्या हातात द्यायला आत्या पुढे येते तोवर ‘पाळीची वेळ झाली’ असं पलीकडून ऐकू येतं.

ऑफिसात आता त्यांना कुणी पिक्चरवाले म्हणत नाही. एकतारेसाहेब म्हणतात. टेबल पुन्हा खिडकीशी गेलं. पानावर त्यांचा फोटो येतो. मध्यंतरी त्यांनी एका साध्यासरळ सिनेमाला साडेतीन लिहिले, तर संपादक स्वतः टेबलाशी आले. “एकतारेंकडून साडेतीन? लोक वर्गणी कशाची भरतात मग?” तेव्हापासून चौकटराव गुरुवारी पान सोडताना नुसता लांबून हात वर करून एक बोट दाखवतो, विचारल्यासारखं. साहेब होकाराची मान हलवतात. परीक्षण मात्र ते अजून मन लावून लिहितात, आवडलं ते आवडलं म्हणून लिहितात, आणि ‘तथापि’ दोनदा आलं तर एक खोडतात.

शुक्रवारी सकाळी आत्या विचारते, “टेबलावर कशाला ठेवतोस रे अजून ती घडी? कोण आहे इथं वाचायला?”

“असू दे,” एकतारेसाहेब म्हणतात. संध्याकाळी ती घडी तेच उचलतात आणि रद्दीत टाकतात.